बाळ उशिरा रडलं म्हणून पुढे फिट येतात का?

मुलाला पहिल्यांदा फिट आली की डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यात एक हमखास असतो: ‘जन्मल्याबरोबर रडलं होतं का?’ मूल सहा महिन्यांचं असो नाहीतर आठवीतलं असो, हा प्रश्न चुकत नाही. आणि तो विचारला गेला की आईच्या डोक्यात चक्र सुरू होतं. रडायला थोडा वेळ लागला होता खरा. पाठ चोळावी लागली होती. दोन दिवस काचपेटीत ठेवलं होतं. कुणीतरी नाळेच्या वेढ्याचंही काही बोललं होतं. बघता बघता घरात निकाल लागतो की जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला, म्हणून हे झालं.

काही मुलांच्या बाबतीत हा निकाल बरोबर असतो. पुष्कळांच्या बाबतीत तो चुकीचा असतो आणि मग दोन्हीकडून नुकसान करतो. ज्याच्या मेंदूला जन्मताना काही झालेलंच नाही, त्याचे आईवडील वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतात आणि फिटचं खरं कारण शोधायचं राहून जातं. उलट ज्या बाळाला खरोखर इजा झाली आहे, त्याच्या घरी ‘आता रडतंय, दूध पितंय, म्हणजे सुटलो’ असं वाटतं आणि काही महिन्यांनी दिसणारी धोक्याची खूण नजरेतून निसटते.

रडणं हा कच्चा पुरावा

शंभर बाळं जन्मली तर साधारण ८५ आपली आपण श्वास घेऊ लागतात. आणखी दहाएक बाळं कोरडी पुसून, पाठ चोळून, तळव्यांवर टिचकी मारून मार्गी लागतात. पाचएक बाळांना तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा द्यावी लागते. छाती दाबून हृदय चालू ठेवायची वेळ हजारात एखाद-दुसऱ्यावर येते. म्हणजे ‘लगेच रडलं नाही’ ही गोष्ट रोजची आहे आणि त्यातल्या बहुतेक बाळांच्या मेंदूला ओरखडाही उठत नाही. आईला दिलेल्या औषधांची गुंगी, सिझर, अपुरे दिवस, घशात अडकलेला चिकटा, अशा कितीतरी कारणांनी बाळ क्षणभर सुस्त असू शकतं.

मग फाइलवर लिहिलेला तो अपगार स्कोअर? व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. रंग, हृदयाचे ठोके, चिमटा काढल्यावरची प्रतिक्रिया, हातापायांतली ताकद आणि श्वास, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. हे गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला द्यायचे. हेतू एवढाच की खोलीतल्या माणसांनी बाळाकडे नीट बघावं आणि त्याला मदत हवी आहे का ते ठरवावं. पुढच्या दहा वर्षांचं भविष्य सांगायला ही पद्धत कधीच केलेली नव्हती. पण लोक तिच्याकडे पत्रिकेसारखं पाहतात.

अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात पन्नास हजारांहून अधिक गरोदरपणांची नोंद ठेवून त्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. त्यावर कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८१ मध्ये जे लिहिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. दहा मिनिटांनी किंवा त्यानंतरही ज्यांचा स्कोअर शून्य ते तीन होता, म्हणजे जी जवळपास निर्जीव भासत होती, अशा आणि पुढे वाचलेल्या बाळांपैकी ८० टक्के मुलं शाळेच्या वयात मोठ्या अपंगत्वाशिवाय होती. आणि ज्यांना पुढे सेरेब्रल पाल्सी झाली (लहानपणीच्या मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताठर किंवा बेताल होणं), त्यांच्यापैकी ७३ टक्के मुलांचा पाच मिनिटांचा स्कोअर सात ते दहा, म्हणजे उत्तम होता.

मग पक्का पुरावा कोणता? एकामागून एक कड्या जुळाव्या लागतात. नाळेच्या रक्ताची तपासणी केली असेल तर त्यात आम्ल खूप वाढलेलं असतं, पीएच ७ च्या खाली गेलेला असतो. मूत्रपिंड, यकृत या अवयवांनाही थोडाफार फटका बसलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाचा मेंदू पुढचे काही दिवस बिनसलेला दिसतो. डोळे उघडत नाही, अंग लुळं पडतं, चोखायची ताकद नसते, श्वास अडखळतो. या अवस्थेला हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. रुग्णालयात सगळे तिला एचआयई म्हणतात, आपणही तेच म्हणू. हार्वे आणि मार्गारेट सारनॅट यांनी १९७६ मध्ये तिच्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या पाडल्या. आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात.

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्या आठवड्यात अशी एचआयई झालीच नसेल, तर त्या बाळंतपणातल्या ऑक्सिजनच्या कमतरतेने पुढे एपिलेप्सी (पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, अपस्मार) झाली असं म्हणायला फारसा आधार उरत नाही. म्हणून माझ्या मते बाळ किती मिनिटांनी रडलं यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कसं होतं हे विचारणं जास्त कामाचं आहे. जागं होतं का? छातीला लागलं का?

ऑक्सिजन तुटला की आत काय घडतं

एखाद्या इमारतीच्या तळघरात सतत पाणी झिरपतंय आणि ते उपसणारा पंप रात्रंदिवस चालू आहे, असं समजा. मेंदूची पेशी अशीच जगते. तिच्या आत सोडियम आणि त्याच्या मागोमाग पाणी सारखं शिरू पाहतं. पेशीच्या आवरणावरचे सूक्ष्म पंप सोडियम बाहेर फेकत राहतात. मेंदू जी ऊर्जा वापरतो तिचा मोठा वाटा या उपशावरच खर्च होतो. ऊर्जा येते रक्तातल्या साखरेतून आणि ऑक्सिजनमधून, आणि मेंदूत साठा म्हणावा असा जवळजवळ नसतोच.

आता वीज जाते. वार (प्लासेंटा) वेळेआधी सुटली, नाळ बाळाच्या आधी खाली येऊन दबली, आधीच्या सिझरचा व्रण उसवून गर्भाशय फाटलं, डोकं बाहेर येऊन खांदा अडकला, किंवा आईचा रक्तदाब एकदम कोसळला. पंप थांबतात आणि तळघर भरू लागतं. पेशी फुगतात. त्याच वेळी चेतापेशींच्या टोकांतून ग्लुटामेट नावाचं, पेशींना चेतवणारं रसायन भसाभस बाहेर पडतं. त्याने शेजारच्या पेशी नको इतक्या पेटतात, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि नासधूस सुरू होते.

वीज परत येते तेव्हा काय होतं, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं. बाळाला श्वास मिळाला, हृदय ठोके देऊ लागलं, रंग गुलाबी झाला. पंप सुरू झाले आणि पुष्कळ पेशी सावरल्या. सगळ्यांनी निःश्वास टाकला. पण तळघरातल्या वायरिंगमध्ये पाणी गेलेलं आहे. साधारण सहा तासांनंतर दुसरी पडझड सुरू होते. पेशींची ऊर्जाकेंद्रं आता ऑक्सिजन असूनही बंद पडू लागतात, सूज येते, आणि सावरल्यासारख्या वाटलेल्या पेशी एकेक करून मरतात. हे तीन दिवसांपर्यंत चालतं. बऱ्याच बाळांच्या बाबतीत मोठं नुकसान या दुसऱ्या फेरीत होतं.

तेव्हा मधले सहा तास हीच डॉक्टरांच्या हातातली संधी असते.

गार ठेवून मेंदू वाचवणं

या संधीचा एकच उपचार आतापर्यंत सिद्ध झाला आहे, आणि तो म्हणजे बाळाला गार ठेवणं. सहा तासांच्या आत सुरुवात करून शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास धरून ठेवायचं, आणि मग अगदी हळू, तासाला अर्धा अंश अशा गतीने वाढवायचं. गारव्यात पेशींची भूक कमी होते आणि मरणाची ती साखळी मंदावते. २००५ च्या सुमारास मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. पुढे अकरा चाचण्यांतल्या दीड हजार बाळांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा असं दिसलं की मध्यम किंवा तीव्र एचआयई असलेल्या सात बाळांना गार ठेवलं तर एकाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व टळतं. नवजात बाळांच्या उपचारात असा आकडा फार क्वचित मिळतो.

तरी हे सगळीकडे सारखं चालत नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले. तिथे गार ठेवल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट मृत्यू वाढले: गार ठेवलेल्यांत ४२ टक्के, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. तिथल्या बऱ्याच बाळांना इजा कळा सुरू होण्याआधी किंवा कितीतरी तास आधी झालेली असावी आणि सहा तासांची संधी जन्माआधीच संपलेली असावी, असा एक तर्क आहे. वाद अजून चालू आहे. त्यामुळे ‘आमच्या बाळाला कूलिंग का दिलं नाही’ या प्रश्नाचं उत्तर दर वेळी हलगर्जी असं नसतं.

जाता जाता ऑक्सिजनचीच एक उलटी गोष्ट. श्वास न घेणाऱ्या बाळाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा ही अनेक दशकांची रीत होती. नॉर्वेचे ओला सॉगस्टॅड आणि दिल्लीचे सिद्धार्थ रामजी यांनी १९९० च्या दशकात साध्या हवेने बाळं तितकीच चांगली सावरतात हे दाखवलं. २०१० पासून दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करावी अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. उपाशी राहिलेल्या पेशीवर एकदम ऑक्सिजनचा मारा केला तर घातक रसायनं वाढतात. म्हणून ‘बाळाला लगेच ऑक्सिजन लावला नाही’ ही तक्रार तपासून घ्यावी लागते.

पहिल्या तीन दिवसांतल्या फिट म्हणजे एपिलेप्सी नव्हे

नवजात बाळाला फिट येण्याचं सर्वांत सामान्य कारण एचआयई हेच आहे. त्या बहुधा पहिल्या २४ तासांत सुरू होतात. त्या दिसायलाही मोठ्यांसारख्या नसतात. बाळ ओठ चाटल्यासारखं करतं, पाय सायकल चालवल्यासारखे हलवतं, डोळे एका बाजूला खिळतात, एक हात तालात उडत राहतो किंवा काही सेकंद श्वास थांबतो. कित्येक फिट तर डोळ्यांना दिसतच नाहीत, फक्त ईईजीच्या पट्टीवर, म्हणजे मेंदूच्या विजेच्या आलेखावर उमटतात. उलट हातापायांना सुटणारी साधी थरथर, जी हात धरला की थांबते, ती फिट नसते.

नवजात मेंदू मुळातच चटकन पेटणारा असतो. मोठ्यांच्या मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं. नवजात पेशींच्या आत क्लोराइड जास्त असल्याने तेच गाबा त्यांना उलट उत्तेजित करू शकतं. गाबाच्या मार्गाने काम करणारी औषधं या वयात कधी कधी अपुरी पडतात, त्यामागे हेही एक कारण मानतात. तरीही पहिलं औषध म्हणून फिनोबार्बिटोनचं स्थान टिकून आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत त्याने ८० टक्के बाळांच्या फिट २४ तास थांबून राहिल्या, तर नव्या लेव्हेटिरासेटामने २८ टक्के.

या फिट ताज्या इजेची प्रतिक्रिया असतात. वायरिंग ओलं आहे तोवर ठिणग्या उडतात, वाळलं की थांबतात. एपिलेप्सी ही वेगळी गोष्ट आहे. ताप, साखर उतरणं, ताजी इजा असं तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा फिट येण्याकडे मेंदूचा कल होणं म्हणजे एपिलेप्सी. अशा अकारण दोन फिट २४ तासांहून जास्त अंतराने आल्या तर ते निदान होतं. किंवा एकच आलेली असून पुढची येण्याची शक्यता फार मोठी असेल, तरीही होतं.

हा फरक कागदी नाही, त्यावर औषध अवलंबून आहे. ‘पहिल्या दिवशी फिट आली होती, म्हणून वर्षभर गोळी चालू ठेवा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. अमेरिकेतल्या नऊ केंद्रांतल्या तीनशेच्या आसपास मुलांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की घरी पाठवण्याआधी औषध थांबवलेली आणि औषध चालू ठेवून पाठवलेली मुलं यांच्यात दोन वर्षांनी विकासातही फरक नव्हता आणि एपिलेप्सीच्या प्रमाणातही नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही ताज्या इजेच्या फिट थांबल्या असतील तर बाळ घरी जाण्याआधीच औषध बंद करावं असं म्हटलं आहे. औषध पुढची एपिलेप्सी रोखत नाही, फक्त त्या वेळची फिट दाबतं. अर्थात हे वाचून चालू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. अचानक तोडलेल्या औषधानेच फिट येऊ शकते.

मग धोका किती?

सर्वसाधारण मुलांत दहाव्या वर्षापर्यंत एपिलेप्सी होण्याचं प्रमाण दीडशेत एकाच्या आसपास असतं. हा पाया धरून पुढचे आकडे वाचायचे.

सौम्य एचआयई होऊन दोन-तीन दिवसांत पूर्ण सावरलेल्या बाळाचा धोका कमी असतो. मध्यम एचआयईत तो वाढतो, तीव्र एचआयईत बराच वाढतो. ज्या बाळांना नवजात अवस्थेत फिट आल्या (कारण कोणतंही असो), त्यांचे अनेक अभ्यास २०१५ मध्ये एकत्र पाहिले गेले. सुमारे १८ टक्के मुलांना पुढे एपिलेप्सी झाली. वर उल्लेखलेल्या अमेरिकन अभ्यासात हे प्रमाण दोन वर्षांपर्यंत सुमारे १३ टक्के होतं. म्हणजे फिट आलेल्या दर पाच ते आठ बाळांपैकी एकाला पुढे एपिलेप्सी. धोका दीडशेत एकाच्या मानाने खूप मोठा आहे, पण पाचपैकी चार बाळं त्यातून सुटतात हेही तितकंच खरं.

कोण सुटेल याचा अंदाज कशावरून बांधतात? पहिल्या आठवड्यातल्या एमआरआयवरून आणि ईईजीवरून. ऑक्सिजन एकदम पूर्ण तुटला असेल तर मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांना मार बसतो. कमी-जास्त होत बराच वेळ तुटत राहिला असेल, तर दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरच्या वरच्या थराला बसतो. फिट उगम पावतात त्या मुख्यतः या वरच्या थरातून, म्हणून तिथे इजा असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. दोन्हीकडे इजा असणं सर्वांत वाईट. एमआरआय स्वच्छ असेल आणि ईईजीही लवकर सुधारला असेल, तर चिंता बरीच हलकी होते.

त्याच २०१५ च्या आढाव्यातला आणखी एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. नवजात फिटनंतर ज्यांना एपिलेप्सी झाली, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांना त्याबरोबर दुसरीही अडचण होती: हातपायांची ताठरता, विकासात मागे पडणं, दृष्टीचा प्रश्न. आणि दोन तृतीयांशांहून अधिक मुलांची एपिलेप्सी पहिल्या वर्षातच सुरू झाली होती. म्हणजे एवढी इजा झालेली असेल तर ती बहुतेकदा आधीच दिसलेली असते.

मधले शांत महिने आणि झोपेतून उठल्यावरचे झटके

इजा आणि एपिलेप्सी यांच्यामध्ये बहुधा काही महिन्यांची, कधी काही वर्षांची शांतता असते. या काळात मेंदू स्वतःची डागडुजी करत असतो. मेलेल्या पेशींच्या जागी व्रण बनतो, उरलेल्या पेशी नवी जोडणी शोधतात, आणि काही ठिकाणी ती जोडणी गरजेपेक्षा जास्त होते. शांत करणाऱ्या पेशी कमी, चेतवणाऱ्या जोडण्या जास्त, असं एखाद्या कोपऱ्यात झालं की तिथून फिट सुरू होऊ शकते. ही प्रक्रिया मध्येच थांबवणारं औषध आज तरी हातात नाही.

या शांततेनंतर येणारा सर्वांत घातक प्रकार ओळखता यायला हवा. तो म्हणजे इन्फन्टाइल स्पॅझम, बाळवयातले झटके. बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान, जास्त करून चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमाराला ते सुरू होतात. दृश्य असं असतं: बाळ नुकतंच झोपेतून उठलंय. एकदम मान पुढे झुकते, दोन्ही हात बाजूला फेकले जातात, पोट आकसतं, पाय वर येतात. एक-दोन सेकंदांत संपलं. पाच-दहा सेकंद काही नाही. मग पुन्हा तसंच. पुन्हा. अशी रांग काही मिनिटं चालते आणि शेवटी बाळ रडतं. दिवसातून दोन-चारदा, विशेषतः झोपेच्या आगेमागे.

घरात याला ‘दचकतंय’ किंवा ‘पोटात गॅस धरलाय’ असं म्हटलं जातं, कारण प्रत्येक झटका इतका छोटा असतो की त्याला फिट म्हणायला मन धजत नाही. पण दचकणं आवाजाने किंवा धक्क्याने होतं, एकदाच होतं, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ओसरतं. रांगेत, कारण नसताना येणारे झटके, आणि त्याच सुमाराला बाळाचं हसणं किंवा नजर मिळवणं कमी होणं, हे एकत्र दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि दोन-चार दिवसांच्या आत बालमेंदूतज्ज्ञाला गाठा. ईईजी झोपेतलाही लागतो. डॉक्टरांना वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त सांगतो.

याचं पहिलं वर्णन विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लिश डॉक्टरने १८४१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते स्वतःच्या मुलाचं आहे. त्याच्याकडे उपाय नव्हता, तो इतर डॉक्टरांकडे मदत मागत होता. आज उपाय आहेत: एसीटीएचचं इंजेक्शन किंवा तोंडाने प्रेडनिसोलोन हे हार्मोनचे उपचार, नाहीतर व्हिगाबॅट्रिन हे फिटचं औषध. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांत हार्मोनच्या उपचाराने ७३ टक्के आणि व्हिगाबॅट्रिनने ५४ टक्के बाळांचे झटके थांबले. पण झटके सुरू झाल्यापासून उपचाराला जितका उशीर, तितका विकासाला बसणारा फटका मोठा. मध्यम किंवा तीव्र एचआयई होऊन गेलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी सुट्टी देतानाच हे झटके करून दाखवले पाहिजेत. गोळ्यांच्या यादीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

‘पण नाळेचा वेढा होता ना?’

मानेभोवती नाळेचा वेढा चार-पाच बाळांमागे एकाला असतो. बाळाला पोटात ऑक्सिजन नाकातून नव्हे तर नाळेतून मिळतो, त्यामुळे ‘गळा आवळला’ ही कल्पनाच चुकीची आहे. नाळ स्वतः घट्ट दाबली गेली तरच प्रश्न, आणि तसं क्वचित होतं. बाळाने पोटात शी केली, पाणी कमी होतं, हीही तशीच अर्धवट कारणं आहेत. ती सावध करणाऱ्या खुणा आहेत, त्यांच्यावरून मेंदूला इजा झाली असं ठरत नाही.

‘वेळेवर सिझर केलं असतं तर?’

कधी कधी, हो. नाळ खाली आली असेल, वार सुटली असेल, तर मिनिटं मोजावी लागतात आणि तिथे झालेला उशीर महागात पडतो. पण सरसकट नाही. बाळंतपणात बाळाचे ठोके यंत्राने सतत नोंदवले तर नवजात बाळांच्या फिट जवळपास निम्म्या होतात, हे चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. सिझरही वाढतात. सेरेब्रल पाल्सी मात्र कमी होत नाही. म्हणजे आपण जे नुकसान बाळंतपणाच्या खोलीत झालं असं धरतो, त्यातलं बरंचसं तिथे पोहोचण्याआधीच झालेलं असतं.

हा वाद जुना आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांच्या हातापायांची ताठरता यांचा संबंध जोडला. त्यावर १८९७ मध्ये एका व्हिएन्नाच्या मेंदूतज्ज्ञाने शंका घेतली: बाळंतपण अवघड गेलं ते बाळ आधीच बिघडलेलं होतं म्हणून तर नसेल? ते होते सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी ते मुलांच्या मेंदूविकारांवर काम करत. त्यांचं हे म्हणणं पुढची कित्येक दशकं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

‘नऊ वर्षांनी फिट आली, तीही जन्मामुळेच का?’

मूल वेळेवर चाललं, बोललं, शाळेत ठीक आहे, आणि नवव्या वर्षी पहिली फिट आली. इथे जन्माच्या रडण्याकडे बोट दाखवणं बहुतेकदा चूक ठरतं. या वयात सुरू होणाऱ्या कितीतरी एपिलेप्सी आनुवंशिक कल असलेल्या असतात आणि त्यातल्या काही वयात येईपर्यंत आपोआप जातात. सगळं जन्मावर ढकललं की योग्य प्रकार ओळखला जात नाही, आणि प्रकार चुकला तर औषधही चुकतं.

याला एक अपवाद आहे. मेंदूच्या मागच्या भागात जन्मानंतरच्या दिवसांत इजा झाली असेल तर ती काही वर्षांनी फिटच्या रूपात डोकं वर काढू शकते. डोळ्यांपुढे रंगीत ठिपके दिसणं, क्षणभर अंधारून येणं, मग फिट, असं ते दिसतं. आणि या मागच्या भागाला मार बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नवजात बाळाची रक्तातली साखर उतरणं. बाळ दूध नीट ओढत नव्हतं, तिसऱ्या दिवशी मलूल झालं, साखर पार खाली गेली. कागदावर मात्र ‘उशिरा रडलं’ एवढंच राहतं. म्हणून एमआरआय काढतात, आणि म्हणूनच जन्माच्या वेळची सुट्टीची फाइल फेकायची नसते. नाळेचा पीएच, साखरेच्या नोंदी, पहिल्या तीन दिवसांचं वर्णन, तेव्हाचा ईईजी, एवढं सापडलं तर अर्धं काम होतं.

‘पुढच्या बाळालाही असंच होईल का?’

वार सुटणं, नाळ खाली येणं, खांदा अडकणं, यातलं काही कारण स्पष्ट असेल तर पुढच्या खेपेला तेच पुन्हा घडण्याची शक्यता सहसा कमी असते. काही कारणं थोड्या प्रमाणात पुन्हा डोकावतात, म्हणून पुढचं गरोदरपण जास्त लक्ष ठेवून पार पाडतात.

खरी अडचण येते ती कारण सापडलं नाही तेव्हा. बाळंतपण सरळ झालं, नाळेचा पीएच ठीक होता, आणि तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट सुरू झाल्या, अशा बाळाच्या फाइलवर ‘ऑक्सिजन कमी पडला’ असं लिहिलेलं पुष्कळदा सापडतं. त्यातल्या काहींना प्रत्यक्षात केसीएनक्यू२ सारख्या जनुकातला बदल असतो आणि त्याला वेगळं औषध चांगलं लागू पडतं. मॉलिब्डेनम कोफॅक्टरची कमतरता हा दुर्मीळ चयापचयाचा आजार तर एमआरआयवर गुदमरलेल्या बाळासारखाच दिसतो. रक्तातलं युरिक ॲसिड फार कमी असणं ही त्याची एक स्वस्त, सहज मिळणारी खूण आहे. तो आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतो, म्हणजे प्रत्येक पुढच्या बाळाला चारात एक इतकी शक्यता. अशा घरात जनुक तपासणी दुसऱ्या गरोदरपणाआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.